दुसरी बाजू पुसून टाकणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी मार्चमध्ये भीमजयंतीच्या तयारीची बैठक आमच्या वस्तीतल्या विहारात बसली होती. मंडप, मिरवणुकीचा मार्ग, वर्गणी, डीजे लावायचा की नाही, हे विषय दरवर्षीचेच. ते संपत आले तेव्हा माझा भाचा उठून उभा राहिला. तो भिवंडीच्या बाहेर मानकोलीकडच्या एका गोदामात रात्रपाळीला असतो आणि दिवसा झोप मोडून तीन मित्रांबरोबर गिटार वाजवतो. त्याने स्टेजवर पंधरा मिनिटं मागितली. काय गाणार, असं विचारल्यावर म्हणाला, "एका परदेशी अल्बममधली गोष्ट आहे. ती आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने सांगायची आहे." अल्बमचं नाव '2112'. बँडचं नाव रश. देश कॅनडा, साल 1976.

समितीतल्या कुणालाच त्यातलं काही माहीत नव्हतं. "तुम्ही वाचता, तुम्हीच ऐकून सांगा," असं म्हणून सगळ्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला. बाहेर चपला घालताना भाचा मला म्हणाला, "मामा, पहिली बाजू नीट ऐक. दुसरी नाही ऐकलीस तरी चालेल."

मी पहिलीही ऐकली नाही. घरी आलो आणि मोबाईलवर दहा मिनिटं वाचलं. त्यात कळलं की या अल्बमवर आयन रँड या लेखिकेच्या प्रतिभेचा ऋणनिर्देश छापलेला आहे. एवढं मला पुरलं. 'द फाउंटनहेड' आणि 'ॲटलास श्रग्ड' लिहिणारी ही बाई कोण, हे मला चांगलं ठाऊक होतं. समाज वगैरे काही नसतं, एकटा कर्तबगार माणूस जग चालवतो आणि बाकीचे त्याच्या जिवावर जगतात, असा तिचा एकूण सूर. आपल्या पोरांना कॉलेजात 'कोट्यातला' म्हणून हिणवणाऱ्यांच्या तोंडी मेरिटची जी भाषा असते, तिचं परदेशी पाठबळ बरेचदा रँडच्या कादंबऱ्यांतून येतं. मी समितीच्या ग्रुपवर लिहिलं, "आयन रँडच्या शिष्यांचं गाणं बाबासाहेबांच्या जयंतीत नको." खाली अकरा अंगठे आले. भाच्याने काहीच लिहिलं नाही. पुढचे आठ दिवस तो आमच्या घरी फिरकला नाही.

नवव्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी सात वाजता तो थेट दारात. डोळे लाल. खिशातून इअरफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मामा, तू ऐकलं नाहीस. ऐकून नाही म्हणाला असतास तर मी गप्प बसलो असतो."

खरं होतं. चहा ठेवायला सांगितला आणि आम्ही दोघं ओट्यावर बसलो.

आजच्या पोरांना 'बाजू' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण मोबाईलवर गाण्यांची नुसती रांग असते. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. मग उठायचं, तबकडी उलटायची. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणवणाऱ्या बँडनी सत्तरच्या दशकात या अडचणीचाच उपयोग केला. तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी अख्खी बाजू भरेल एवढी एकच लांब रचना करायची. त्यामुळे अशा पुष्कळ अल्बमचं एकच रडगाणं आहे: एका बाजूवर जीव ओतलेला आणि दुसऱ्या बाजूवर उरलंसुरलं. इमर्सन, लेक अँड पामर यांचा 1971 सालचा 'टार्कस' याच दुखण्यासाठी ओळखला जातो. '2112'ही त्याच घरातला.

रशमध्ये तिघंच. गेडी ली गाणार आणि बेस वाजवणार, ॲलेक्स लाइफसन गिटारवर, नील पिअर्ट ड्रम वाजवणार आणि बहुतेक गाणीही तोच लिहिणार. त्यांचा आधीचा अल्बम आपटला होता. लांबलचक गाणी बंद करा, विकणारं काहीतरी करा, असा कंपनीचा दबाव होता. या तिघांनी काय केलं, तर पुढच्या अल्बमची पूर्ण पहिली बाजू एकाच गोष्टीला दिली. सात भाग, वीस मिनिटं तेहतीस सेकंद.

गोष्ट अशी. साल 2112. सगळं जग सिरिंक्स नावाच्या मंदिरांच्या पुजाऱ्यांच्या ताब्यात आहे. लोकांनी काय वाचायचं, काय ऐकायचं, काय बघायचं, हे पुजारी ठरवतात. एका साध्या माणसाला धबधब्यामागच्या गुहेत एक जुनी वस्तू सापडते. ती गिटार असते. त्याने असलं काही कधी पाहिलेलं नसतं. तो तारा छेडतो, पिळतो, आणि शिकतो. आनंदाने ती घेऊन पुजाऱ्यांकडे जातो. पुजारी म्हणतात, आम्हाला हे माहीत आहे, हे निकामी खेळणं आहे, आधीच्या लोकांचा नाश यानेच झाला. गिटार मोडून टाकली जाते. माणूस घरी परततो, त्याला वेगळ्या जगाचं स्वप्न पडतं, आणि जागा झाल्यावर या जगात जगणं नको होऊन तो जीव देतो. शेवटी युद्धाचा कल्लोळ होतो आणि कुणीतरी सत्ता ताब्यात घेतल्याची घोषणा ऐकू येते. कुणी घेतली, ते सांगितलेलं नाही.

ज्याच्या पूर्वजांच्या कानात वेद पडले तर शिसं ओतायची भाषा धर्मग्रंथात लिहिलेली आहे, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. शंबूकाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. एकलव्याची माहीत आहे. वाद्य आपल्या बापजाद्यांनी मढवायचं, मेलेल्या जनावराचं कातडं आपण कमवायचं, आणि बैठकीत मांडी घालून ते वाजवायचा मान दुसऱ्याचा, हेही माहीत आहे.

पण मला धरून ठेवलं ते गोष्टीने नाही, तिसऱ्या भागाने. पाण्याचा आवाज येतो. मग एकेक तार वाजते, बेसूर. कुणीतरी खुंटी पिळतंय. स्वर हळूहळू वर सरकतो, जुळतो, परत चुकतो. मग दोन तारा एकमेकींना मिळतात, आणि थोड्या वेळाने पहिल्यांदा सूर धरलेलं काहीतरी ऐकू येतं. कॅनडातला तयार वादक इथे न येणाऱ्या माणसाचं सोंग इतक्या प्रेमाने आणतो की ऐकताना आपण त्याच्या बोटांकडे बघत असल्यासारखं वाटतं. मी भाच्याकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, ओव्हरटाईमच्या पैशातून जुनी गिटार आणून दिली तेव्हा तो असाच रात्री-अपरात्री तारा पिळत बसायचा आणि शेजारचे भिंतीवर थापा मारायचे. तो म्हणाला, "हेच मला पंधरा मिनिटांत करायचंय, मामा. आपलं पोरगं वाद्याला पहिल्यांदा हात लावतं ते."

पुढच्या भागात माणूस पुजाऱ्यांसमोर उभा राहतो. त्याची गिटार हलकी, समजावणीच्या सुरात. पुजाऱ्यांचं उत्तर किंचाळत, अंगावर येत. संगीतातच कळतं की इथे चर्चा नाही, हुकूम आहे. ही पहिली बाजू उत्तम आहे आणि ती उत्तम आहे हे कबूल करायला मला आठ दिवस लागले.

मग मी म्हटलं, दुसरी बाजूही लाव. तो नको म्हणत होता. मी हट्ट धरला.

दुसऱ्या बाजूला पाच सुटी गाणी आहेत. पहिलं बँकॉकच्या प्रवासाचं. देशोदेशी गांजा ओढत फिरायचं, एवढाच त्याचा विषय. काठमांडूही त्यात आहे, अफगाणिस्तानही. मध्ये 'पौर्वात्य' वाटावी अशी एक गिटारची धून टाकली आहे, जशी हिंदी सिनेमात चिनी माणूस आला की टाकतात. आशिया म्हणजे गोऱ्या पोरांच्या धुराचा मुक्काम. दुसरं गाणं एका जुन्या टीव्ही मालिकेवरचं, एका दिवसात उरकलेलं आणि ते ऐकताना कळतं. तिसरं लाइफसनने लिहिलेलं, साधं, विसरून जाण्याजोगं. चौथं गेडी लीचं, दुःखाचं. त्यात मेलोट्रॉन हे वाद्य अल्बमचं कव्हर काढणाऱ्या ह्यू साइमने वाजवलंय, आणि ते मला मनापासून आवडलं. पाचवं आणि शेवटचं गाणं जोरकस आहे आणि त्याचा उपदेश असा की फुकट काही मिळत नाही, स्वातंत्र्यही नाही. आपलं राज्य आपल्याच डोक्यात असतं.

इथे मी थांबलो. म्हटलं, बघ, हीच ती रँड. पहिल्या बाजूला पुजाऱ्यांविरुद्ध बोलायचं आणि दुसऱ्या बाजूला येऊन सांगायचं की तुझ्या पदरात काही नसेल तर तो तुझाच दोष.

भाचा म्हणाला, "मला आधी ते आपल्या 'संघर्ष करा'सारखं वाटलं होतं. रात्री दोन वाजता गोदामात ऐकताना बरं वाटतं. पण मग एक गोष्ट डोक्यात आली. पहिल्या बाजूवरच्या माणसाला गिटार फुकटच सापडली की! गुहेत पडलेली. ती त्याने बनवली का? तारा त्याने ओढल्या का? कुणीतरी आधीच्या माणसांनी बनवून ठेवली म्हणून त्याला वाजवता आली."

मी आयुष्यात मेरिटवर पुष्कळ भाषणं केली. इतक्या सोप्या शब्दांत मला ते कधी मांडता आलं नव्हतं. कुणाला गिटार गुहेत सापडते, कुणाला आजोबांच्या कपाटात, कुणाला बाप बारा-बारा तास राबून आणून देतो. ती कुणी बनवली हे विसरलं की माणूस म्हणू लागतो, मी माझ्या हिमतीवर शिकलो. दुसऱ्या बाजूवरच्या शेवटच्या गाण्याला पहिल्या बाजूनेच उत्तर दिलेलं आहे, आणि ज्यांनी दोन्ही बाजू लिहिल्या त्यांच्या ते तेव्हा ध्यानात आलं होतं की नाही कोण जाणे. पण ते उत्तर सापडायला दुसरी बाजू ऐकावी लागते. भाच्याने मला जी सोडून दे म्हटली होती ती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अशा अल्बमचा निवाडा कसा करायचा?

एक पद्धत ताऱ्यांची. पहिल्या बाजूला पाच, दुसरीला दोन, सरासरी साडेतीन. ही पद्धत निष्पक्ष दिसते पण ती काहीच सांगत नाही. साडेतीन ताऱ्यांचं असं त्या अल्बमवर एकही मिनिट नाही.

दुसरी पद्धत मी केली ती. एक शब्द वाचायचा आणि शिक्का मारायचा. रशवर हा शिक्का आधीच बसलेला होता. 1978 साली ब्रिटनच्या 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने मुलाखत छापली आणि रँडच्या नादामुळे त्यांना जवळजवळ फॅसिस्टांच्या रांगेत नेऊन बसवलं. ज्या गेडी लीला हे ऐकून घ्यावं लागलं, त्याचे आईवडील पोलंडचे ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आलेले. रँडवरची टीका बरोबरच होती. पण फॅसिझमचे चटके ज्या घराने सोसले त्या घरातल्या मुलाला फॅसिस्ट ठरवताना त्या पत्रकाराने रेकॉर्डची कुठली बाजू उलटून पाहिली होती? नील पिअर्टने पुढे 2012 साली एका मुलाखतीत सांगितलं की आपण आता रँडचे अनुयायी राहिलेलो नाही. माणूस बदलू शकतो, याला शिक्क्यात जागाच नसते.

भाच्यासमोर बसून हे सगळं मनात चाललेलं असताना मला सारखी आठवत होती एक कॅसेट.

माझे वडील मागावर होते. भिवंडीत माग म्हणजे पॉवरलूम, हे बाहेरच्या वाचकांसाठी. बारा तासांची पाळी आणि धोट्याचा असा खटाखटाट की घरी आल्यावरही ते ओरडूनच बोलायचे. त्यांच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि साठ मिनिटांची एक कॅसेट, तीस मिनिटं एका बाजूला, तीस दुसऱ्या. कुणाकडून तरी भरून आणलेली. पहिल्या बाजूवर प्रल्हाद शिंद्यांची भीमगीतं. दुसऱ्या बाजूवर प्रल्हाद शिंद्यांचीच विठ्ठलाची गाणी.

तोच आवाज. तोच खडा, मोकळा, छातीतून येणारा आवाज. आपल्यातला हा गायक, आणि महाराष्ट्रातल्या देवळादेवळांत आजही त्याच्याच आवाजात पंढरीची गाणी वाजतात. भीमगीताला तेव्हा वस्त्या होत्या, स्टेज होतं, चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या बाहेरचे ठेले होते. मोठा बाजार मात्र भक्तिगीताचा होता. ज्याला गळ्यावर घर चालवायचं होतं त्याने दोन्ही बाजू गायल्या.

1991 साली मी सतरा वर्षांचा होतो. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. सगळीकडे व्याख्यानं, शिबिरं. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या आणि घरात विठ्ठल वाजतो याची लाज वाटत होती. एक दिवस मी ती कॅसेट घेतली आणि दुसऱ्या बाजूवर एका शिबिरातलं व्याख्यान भरलं. विषय होता बावीस प्रतिज्ञा. वर मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

रात्री वडिलांनी जेवण झाल्यावर नेमकी तीच बाजू लावली. व्याख्यान सुरू झालं. ते काही बोलले नाहीत. तीस मिनिटं पूर्ण ऐकलं, कॅसेट काढली, डबीत ठेवली. त्यानंतर ती बाजू त्यांनी कधी लावली नाही.

कितीतरी वर्षांनी कळलं, ती बाजू माझ्या आजीसाठी भरून घेतलेली होती. आजीच्या माहेरी वारी होती. 1956 च्या धर्मांतरानंतर घरातले देव नदीत सोडताना टोपली तिच्याच डोक्यावर होती. पुन्हा तिने कधी हात जोडले नाहीत. पण ती गाणी लागली की काम थांबवून ऐकायची. ती 1990 साली वारली. वडील दुसरी बाजू लावायचे ते देवासाठी नाही.

मी चूक काय केली? विचार म्हणून बावीस प्रतिज्ञा बरोबरच होत्या आणि आहेत. घरात देव नको, हा आग्रह बरोबर होता. चूक ही की मी न विचारता, न ऐकता पुसलं. ऐकलं असतं तर विचारलं असतं, विचारलं असतं तर कळलं असतं. देव सोडायला काय लागतं आणि सोडल्यावर मागे काय उरतं, याचा घरातला पुरावाच मी पुसून टाकला. व्याख्यान मला दुसऱ्या कोऱ्या कॅसेटवरही भरता आलं असतं.

बाबासाहेबांनी अशा दोन बाजूंच्या माणसांचं काय केलं, ते बघा. संतांविषयी त्यांचं मत स्पष्ट आणि कठोर आहे. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'वर गांधींनी घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देताना ते सांगतात की संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही. देवापुढे सगळे समान एवढंच म्हणाले, माणूस माणसापुढे समान असं म्हणाले नाहीत. यात कुठेही मवाळपणा नाही. आणि याच बाबासाहेबांनी 1948 साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक कुणाला अर्पण केलं? नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना. पहिलं मत त्यांनी मागे घेतलं का? नाही. अर्पणपत्रिकेमुळे टीका बोथट झाली का? नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी, पूर्ण आवाजात. सरासरी नाही आणि पुसापुशीही नाही.

रँडचा निवाडाही त्याच फूटपट्टीवर करता येतो. 4 नोव्हेंबर 1948 ला घटनासमितीत बाबासाहेबांनी खेडं हा घटक मानायला नकार दिला आणि व्यक्तीला घटक मानल्याचं समाधान व्यक्त केलं. म्हणजे व्यक्ती आपल्यालाही हवीच आहे. जातीच्या, गावाच्या, पुजाऱ्याच्या मुठीतून सुटलेली व्यक्ती. इथवर '2112'ची पहिली बाजू आपल्याबरोबर चालते. पण पुढच्याच वर्षी, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी बजावलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही. समतेशिवायचं स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं बाकीच्यांवर राज्य. रँड नेमकं हेच तोडते. तिला स्वातंत्र्य पाहिजे, समता नको आणि बंधुता तर नकोच नको. म्हणून अल्बममधला माणूस एकटा आहे. गिटार सापडल्यावर तो शेजाऱ्याला दाखवत नाही. एकटा उठतो आणि मान्यता मागायला पुजाऱ्यांकडेच जातो. ते नाही म्हणाले की त्याच्याजवळ मरणाशिवाय काही उरत नाही.

20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब पाण्याची परवानगी मागायला कुणा पुजाऱ्याच्या दारात गेले नाहीत. हजारो माणसं बरोबर घेऊन तळ्यावर गेले. पहिल्या बाजूची खोट दाखवायची तर ती इथे आहे. ती दाखवून झाल्यावरही तार जुळण्याचा तो भाग तितकाच सुंदर राहतो.

वडील मागावरचा एक प्रकार सांगायचे. ताग्यात हातभर जागी धागा तुटलेला निघाला की मेहता अख्ख्या ताग्याची मजुरी कापायचा. वडिलांचं म्हणणं साधं होतं: डाग जिथे आहे तिथे खूण कर, तेवढ्याचे पैसे काप, बाकीचं कापड मी नीटच विणलंय. मालकाला हे परवडत नव्हतं, कारण अख्ख्या ताग्याचे पैसे कापण्यात त्याचा फायदा होता. चळवळीत आपण एकमेकांचे तागे असेच कापतो, आणि त्यात कुणाचा फायदा होतो याचा विचार करत नाही. एखाद्या कवीची एक ओळ खटकली की तो विकला गेला. एखाद्या नेत्याची एक युती चुकली की त्याचं तीस वर्षांचं काम बाद. आणि याच्या उलटही तितकंच वाईट: माणूस आपला म्हणून त्याच्या रद्दड गाण्यालाही 'कडक निळा सलाम'. सिनेमाच्या चालीवर चार शब्द बसवून बाबासाहेबांचं नाव टाकलं की भीमगीत झालं, आणि त्याला बेसूर म्हणाल तर तुम्ही समाजद्रोही. डागावर खूण न करणं हीसुद्धा फसवणूकच आहे. त्याने आपले गायक सुधारत नाहीत आणि आपल्या पोरांचे कान तयार होत नाहीत.

मी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. आधीचा मेसेज न ऐकता लिहिला होता, अशी कबुली दिली. पहिली बाजू चांगली का, दुसरी कच्ची का, रँडचं काय पटत नाही, हे सगळं लिहिलं आणि पोरांना पंधरा मिनिटं द्यावीत असं सुचवलं. या वेळी अंगठे चारच आले. दोन ज्येष्ठ कार्यकर्ते नाराज झाले, त्यातले एक अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. पंधरा मिनिटं मिळाली.

14 एप्रिलला पोरांनी वाजवलं. सुरुवातीला भाच्याने माईकवर सांगितलं की ही गोष्ट कुठून घेतली, ज्यांच्याकडून घेतली ते कुणाला मानायचे आणि आपलं त्यांच्याशी कुठे जमत नाही. मग तार जुळवण्याचा तो भाग. पुढे बसलेल्या बायका आधी कुजबुजल्या, त्यांना वाटलं गिटार बिघडली. मग शांत झाल्या. शेवट पोरांनी बदलला होता. त्यांच्या गोष्टीतला माणूस पुजाऱ्यांकडे जात नाही. तो गिटार घेऊन वस्तीत येतो आणि दुसऱ्या पोराच्या हातात देतो. इथे स्टेजवर एका सात-आठ वर्षांच्या मुलीला बोलावून तिच्या हाताने तारा वाजवल्या. बेसूरच वाजल्या.

वादनात चुका होत्या. मधला भाग लांबला, ऑक्टोपॅडवाला दोनदा घाईत गेला, आणि मराठी शब्द अजून इंग्रजीच्या सावलीत आहेत. हे मी भाच्याला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. वाजवायला टेप नाही. गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं, जुना टेपरेकॉर्डर कुठे मिळाला तर पहिली बाजू मोबाईलवर उतरवून घेऊ का? मी म्हटलं, दोन्ही उतरव.

जय भीम.